मारहाणीचा इतिहास शिक्षेच्या दिवसासाठी राखून ठेवू नका

प्रश्न असा आला आहे : धाकट्या बहिणीचं लग्न होऊन अकरा वर्षं झाली. नवरा ट्रक चालवायचा, दारू पिऊन मारायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका रात्री त्यानं तिला पट्ट्यानं झोडपलं, मोठ्या मुलीच्या अंगावरही धावून गेला आणि मग झोपला. तासाभरानं बहिणीनं वरवंटा त्याच्या डोक्यात घातला आणि स्वतःच पायी पोलीस ठाण्यात गेली. तेव्हापासून ती नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात आहे. सेशन कोर्टात ३०२ चा, म्हणजे खुनाचा, खटला चालू आहे, सरकारी साक्षीदार संपत आलेत. वकील म्हणतात, ‘मारहाणीचं आपण शिक्षेच्या वेळी बोलू.’ तिनं जे सोसलं ते शिक्षा देताना कोर्ट धरतं का?

भाऊ, धरतं. पण तुमचे वकील ज्या दिवशी बोलू म्हणताहेत, त्या दिवशी बोलून फारसं हाती लागणार नाही. उत्तर लांबणार आहे. बहिणीच्या पुढच्या तारखेच्या आत वाचा.

घटना १ जुलै २०२४ च्या आधीची आहे, म्हणून तिला जुनी भारतीय दंड संहिता लागू. (त्यानंतरच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागते, तिथे खुनाच्या शिक्षेचं कलम १०३ आणि सदोष मनुष्यवधाचं १०५.) ३०२ खाली दोषी ठरलेल्या माणसाला न्यायाधीश दोनच शिक्षा देऊ शकतात, फाशी किंवा जन्मठेप. खाली उतरायला पायरीच नाही. दोषी ठरवल्यावर शिक्षेवर वेगळी सुनावणी घ्यावी लागते, फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २३५(२). पण खुनाच्या खटल्यात त्या सुनावणीचा विषय एवढाच, की फाशी का नको. १९८० च्या बच्चन सिंग निकालानंतर फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात, आणि तुमच्या बहिणीला फाशी द्या असं सरकारी वकीलही म्हणणार नाहीत. म्हणजे त्या दिवशी अकरा वर्षांची कहाणी सांगून झाली, कोर्टालाही वाईट वाटलं, तरी जन्मठेप ती जन्मठेपच. मनात असूनही न्यायाधीश दहा वर्षं लिहू शकत नाहीत.

तेव्हा तिच्या बाबतीत शिक्षा ठरते ती कलम ठरतं तेव्हा. ३०२ की ३०४, खून की खुनापर्यंत न जाणारा सदोष मनुष्यवध? ३०४ च्या पहिल्या भागात जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, दुसऱ्या भागात दहा वर्षांपर्यंत कैद किंवा नुसता दंडसुद्धा. जुन्या कायद्यात या दोन्ही भागांत किमान कैद ठरवलेली नाही. (नव्या कायद्यात पहिल्या भागात जन्मठेप नसेल तर किमान पाच वर्षं आहेत, म्हणजे जुना कायदा लागू असणं इथे तिच्या फायद्याचं.) मारहाणीचा इतिहास खरा उपयोगी पडतो तो या वळणावर, दोषी ठरवण्याच्या आधी.

हे वळण घ्यायचं कसं? कलम ३०० चा पहिला अपवाद : गंभीर आणि अचानक चिथावणीमुळे स्वतःवरचा ताबा सुटून केलेलं कृत्य खून ठरत नाही. अडचण त्या ‘अचानक’मध्ये आहे. १९६१ च्या नानावटी निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चिथावणी आणि कृत्य यांच्यामध्ये डोकं शांत व्हायला वेळ मिळाला असेल, तर हा अपवाद लागू होत नाही. नानावटी नौदलातला अधिकारी होता, पत्नीनं कबुली दिल्यावर तो जहाजावर जाऊन पिस्तूल घेऊन आला होता. तिथे ती कसोटी बरोबरच होती. पण मार खाणाऱ्या बाईला ती लावली की वेगळंच होतं. नवरा जागा असताना ती त्याला पुरी पडत नाही. तो झोपतो, तिची भीती झोपत नाही. तासाभरानं तिचा हात उठतो, आणि सरकारी वकील म्हणतात, तासभर होता, विचार करून मारलं.

इथे काही निकाल कामाला येतात. मद्रास उच्च न्यायालयानं १९८९ मध्ये सुयंबुक्कणी प्रकरणात, मुलांसह विहिरीत उडी घेतलेल्या आणि स्वतः वाचलेल्या बाईच्या बाबतीत, साचत गेलेल्या चिथावणीची कल्पना मान्य केली. (विदर्भातल्या कोणत्याही फौजदारी वकिलाला विहिरीची प्रकरणं नवी नाहीत.) गुवाहाटी उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये मंजू लाकरा प्रकरणात, वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या बाईची मनःस्थिती काय होते याचा सविस्तर विचार करून ३०२ ची शिक्षा टिकवली नाही. आणि तुमच्या वकिलांनी टेबलावर ठेवायलाच हवा असा निकाल म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२२ चा दौवाराम निर्मलकर विरुद्ध छत्तीसगड राज्य. त्यात नवरा-बायको नाहीत, दोन भाऊ आहेत. दारुडा भाऊ रोज शिवीगाळ करायचा, धमक्या द्यायचा. त्या रात्री घर सोड नाहीतर मारून टाकीन म्हणाला. कोर्टानं म्हटलं की शेवटची चिथावणी एकटी तोलायची नाही, मागचा सगळा छळ तिच्या जोडीला धरायचा. ३०२ चं ३०४ भाग एक झालं आणि भोगलेली कैद पुरेशी मानली गेली. मार खाणाऱ्या बायकांसाठीचा आपल्याकडचा सर्वांत भक्कम आधार दोन पुरुषांच्या भांडणातून यावा, याची मला गंमतही वाटते आणि चीडही येते.

पण हे वाचून निर्धास्त होऊ नका. दौवाराममध्येही त्या रात्रीची शेवटची धमकी होतीच. नुसता जुना छळ चालत नाही, त्या छळाची त्या रात्रीशी गाठ पडावी लागते. तुमच्या बहिणीच्या बाबतीत ती गाठ आहे : पट्टा, आणि मुलीवर धावून जाणं. मुलीवर धावून जाणं मी सर्वांत वर ठेवीन. स्वतःवरचा मार सोसणारी बाई लेकीवर हात पडला की बदलते, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. स्वसंरक्षणाचा मुद्दा मात्र झोपलेल्या माणसाच्या बाबतीत क्वचितच टिकतो. मांडायला हरकत नाही, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

आता पुराव्याकडे येते, कारण तुमचं प्रकरण इथे बनेल किंवा बिघडेल.

पहिली अडचण तुमच्या बहिणीच्या प्रामाणिकपणानंच केली आहे. ती ठाण्यात गेली आणि सगळं सांगितलं. पण पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुराव्यात येत नाही, आणि १९६५ च्या अघनू नागेसिया निकालापासून आरोपीनं स्वतः दिलेल्या अशा फिर्यादीतला ‘का मारलं’ हा भागही कबुलीजबाबाबरोबरच बाहेर जातो. ज्या कागदावर अकरा वर्षं लिहिलेली आहेत, तो कागद कोर्ट वाचू शकत नाही. घरच्यांना वाटत राहतं की पोलिसांना सगळं माहीत आहे. पोलिसांना माहीत असणं आणि रेकॉर्डवर असणं यात फार अंतर आहे.

दुसरी अडचण बचावाच्या पद्धतीची. अनेक वकील अशा खटल्यात ‘तिनं मारलंच नाही’ अशी सरळ नकाराची भूमिका घेतात. त्यांचंही काही चुकतं असं नाही. गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, साक्षीदार फुटले तर बाई सुटते. शिवाय मारहाण दुधारी आहे : आपण ती सिद्ध केली की सरकारी वकील म्हणतात, बघा, हाच हेतू. म्हणून वकील मारहाणीचं नाव काढत नाहीत, आणि दोषी ठरल्यावर अचानक ‘साहेब, तिला फार मारायचा हो’ म्हणतात. तोवर उलटतपासणीत एकाही साक्षीदाराला त्याबद्दल विचारलेलं नसतं. न्यायाधीशाला ते रचलेलं वाटतं, आणि त्याला दोष देता येत नाही. कायद्यात दोन्ही भूमिका पर्यायी म्हणून घेता येतात. अपवाद सिद्ध करण्याचा भार पुरावा कायद्याच्या कलम १०५ नुसार आरोपीवर असला, तरी तो ‘संशयापलीकडे’ सिद्ध करायचा नसतो, शक्यतेचं पारडं आपल्या बाजूला झुकलं की पुरे. जिथे घरात मोठी माणसं दोघंच होती, बाई स्वतः ठाण्यात गेली आणि वरवंटा तिनंच काढून दिला, तिथे नकारावर सगळं लावणं मला धोक्याचं वाटतं. तुमचं प्रकरण कागद न बघता जितकं कळतं, त्यावरून तरी असंच दिसतं.

तर आता काय गोळा करायचं? सर्वांत आधी तिच्या अटकेच्या वेळची वैद्यकीय तपासणी. अटक झालेल्या माणसाची तपासणी करून अंगावरच्या खुणा लिहिणं कलम ५४ नुसार बंधनकारक आहे आणि त्याची प्रत मागता येते. पट्ट्याचे वळ त्या रात्रीचेच होते, म्हणजे ते त्या कागदावर असायला हवेत. पोलिसांनी चार्जशीटला तो जोडला नसेल तर मागवून घ्या. शिवाय कारागृहात दाखल करताना पुन्हा तपासणी होते, तिथल्या नोंदीही बघा. बायकांच्या खटल्यांत हा कागद किती वेळा कुणी उघडूनही बघत नाही, हे सांगितलं तर तुम्हाला पटणार नाही. सासू-दीर काहीही सांगोत, त्या रात्रीचे ताजे वळ सरकारी डॉक्टरांनी लिहिलेले असतील तर त्यांना उलटं फिरवता येत नाही.

मग जुने कागद. ती कधी मेडिकलला किंवा मेयोला (नागपूरची सरकारी रुग्णालयं) गेली होती का? तिथे ‘जिन्यावरून पडले’ असं सांगितलं असेल, तरी केसपेपर काढा. जिना नसलेल्या घरातली बाई दोन-तीनदा जिन्यावरून पडली असेल तर न्यायाधीश काय ते समजतात. ठाण्यात कधी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) झाली होती का? पोलिसांच्या भरोसा सेलला समुपदेशनासाठी दोघांना बोलावलं होतं का? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांनी कधी घटना अहवाल भरला का? असे कागद कोर्टामार्फत समन्स काढून मागवता येतात. यातलं काहीच नसेल तर तेही समजण्यासारखं आहे. ‘इतकं मारायचा तर तक्रार का नाही केली?’ हा प्रश्न येणारच, आणि त्याला उत्तर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के निघाल्या. ७७ टक्क्यांनी मदतही मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. तक्रार न करणं हीच आपल्याकडची रीत आहे. युक्तिवादात हे आकडे जरूर वापरावेत, पण आकडा तुमच्या बहिणीचा पुरावा नव्हे.

तिचा पुरावा माणसांकडून येईल. शेजारीण, किराणावाला, मुलीच्या शाळेतल्या बाई, आशाताई, घरमालक. सरकारी साक्षीदारांतली शेजारीण अजून उभी राहायची असेल तर उलटतपासणीत तिलाच विचारा. सरकारच्याच साक्षीदाराच्या तोंडून आलेलं ‘हो, रोज रात्री आवाज यायचे’ हे बचावाच्या पाच साक्षीदारांपेक्षा जड असतं. तिची साक्ष होऊन गेली असेल तर पुन्हा बोलावण्यासाठी कलम ३११ चा अर्ज आहे. तुम्ही स्वतः भाऊ म्हणून साक्ष द्या, पण तुमच्या साक्षीला किंमत कमी धरली जाईल हे मनात धरा. त्याऐवजी तिनं तुम्हाला पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅपचे आवाजी संदेश, फोटो शोधा. तो मोबाईल विकू नका, रीसेट करू नका, वकिलांकडे द्या. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला कलम ६५ब चं प्रमाणपत्र लागतं.

मोठ्या मुलीला साक्षीला उभं करायचं का? दहा वर्षांची मुलगी कायद्यानं साक्ष देऊ शकते. त्या रात्री काय झालं ते आईशिवाय तिनंच पाहिलं आहे. तरी मी घाई करणार नाही. आधी बाकीचा पुरावा पुरतो का ते बघा, आणि मुलीशी समुपदेशकाला बोलू द्या, मामाला नव्हे. तुमच्याकडे राहणारी मुलगी तुम्ही शिकवलेलं बोलते, असा आरोप पहिल्याच मिनिटाला होईल.

आणि बहीण स्वतः. सरकारी पुरावा संपला की कलम ३१३ चा जबाब होतो. कोर्ट एकेक गोष्ट विचारतं आणि आरोपी बहुतेक वेळा ‘खोटं आहे’, ‘माहीत नाही’ म्हणत जातात. ‘आणखी काही सांगायचंय?’ याला ‘मला खोटं गुंतवलं’ एवढंच. तुमच्या बहिणीनं हे करू नये. त्याच वेळी लेखी निवेदन देण्याची सोय कायद्यात आहे. त्यात लग्नापासून त्या रात्रीपर्यंत, साल आणि प्रसंगासह, तिच्याच बोलीत लिहिलेलं असावं. वकिली भाषेत तिचा आवाज जातो. ‘तो माह्या लेकीवर धावला’ हे वाक्य तसंच राहू द्या. निवेदनाखेरीज ती शपथेवर साक्षही देऊ शकते, मग उलटतपासणीला तोंड द्यावं लागतं. कोणतं करायचं ते तिची ताकद बघून वकिलांनी ठरवावं. एखाद्या मानसोपचार तज्ज्ञाकडून तपासणी करून अहवाल मागता येतो. पण आपल्या कायद्यात ‘कमी झालेली जबाबदारी’ (मनाच्या अवस्थेमुळे खुनाचा दोष कमी धरणं) असा मधला बचाव नाही; वेड लागलेलं असलं तर कलम ८४, नाहीतर काही नाही. इंग्लंडमध्ये किरणजीत अहलुवालियानं १९८९ मध्ये झोपलेल्या नवऱ्याला पेटवलं आणि १९९२ मध्ये तिची खुनाची शिक्षा गेली, ती त्याच मधल्या बचावावर. आपल्याला तो रस्ता नाही, म्हणून तज्ज्ञाचा अहवाल चिथावणी समजावून सांगण्यापुरता वापरायचा.

हे सगळं होऊन कोर्टानं ३०४ लावलं, तर मात्र शिक्षेची सुनावणी खरी सुनावणी असते. मग तिथे मागितलेलं मिळू शकतं : दोन लेकरं, तुरुंगातली वर्तणूक, पूर्वी कोणताही गुन्हा नाही, आणि पुराव्यात आधीच आलेली मारहाण. कच्च्या कैदेतली वर्षं कलम ४२८ नुसार वजा होतात. त्याच दिवशी ‘दुसऱ्या तारखेला शिक्षेवर बोलू द्या’ अशी विनंती करायला वकील कचरतात, कचरू नये. १९७६ च्या सांता सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलं आहे की ही सुनावणी उपचार नाही, तिथे माहितीही मांडू दिली पाहिजे. मी तुमच्या जागी असते तर दोषी ठरण्याआधीच मुलांच्या शाळेचे दाखले, कारागृहाचं वर्तणुकीचं प्रमाणपत्र आणि मुलं सध्या कुणाकडे आहेत याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवलं असतं. फक्त बाई आहे म्हणून सवलत द्या, असं मात्र म्हणू नका. त्याला कोर्ट बधत नाही.

३०२ च टिकलं तर नागपूर खंडपीठात अपील आणि शिक्षा स्थगितीचा अर्ज. उच्च न्यायालय ३०२ चं ३०४ करू शकतं, पण खालच्या कोर्टातल्या रेकॉर्डवरूनच. नवा पुरावा तिथे क्वचितच घेतात. पुढे जन्मठेपेतून मुदतपूर्व सुटकेचा विचार व्हायला किमान चौदा वर्षं प्रत्यक्ष कैद लागते, आणि तेव्हा शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाचं मत मागवलं जातं. निकालपत्रात मारहाणीबद्दल दोन ओळी असल्या तर त्या तेव्हाही कामी येतात.

नवऱ्याच्या धाकानं दुसरेच गुन्हे केलेल्या बायकांची अवस्था याहून वाईट. नवऱ्यानं हातात पिशवी दिली आणि ती नागपूर स्टेशनवर वीस किलोहून जास्त गांज्यासह पकडली गेली, तर एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली किमान दहा वर्षं. न्यायाधीशाला खाली उतरता येत नाही. ‘धमकीमुळे केलं’ हा बचाव तत्काळ मृत्यूची भीती असेल तरच. न्यू यॉर्क राज्यात २०१९ पासून वेगळा कायदा आहे : घरातल्या माणसाकडून झालेला मोठा छळ गुन्ह्याचं महत्त्वाचं कारण ठरला असेल, तर न्यायाधीश नेहमीच्या मर्यादेखाली शिक्षा देऊ शकतात, आणि आधीच शिक्षा भोगणारेही पुन्हा अर्ज करू शकतात, मात्र छळाचे आधार कागदोपत्री दाखवून. आपल्याकडे असं कलम हवं असं माझं ठाम मत आहे. नवा कायदा लिहिताना ती संधी होती. ती घेतली गेली नाही.

नागपुरात हा विषय निघाला की कुणीतरी २००४ चं कस्तुरबा नगरचं प्रकरण काढतंच. त्या वस्तीत बायकांचा छळ करणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला बायकांनी जिल्हा न्यायालयातच ठार मारलं आणि २०१४ मध्ये सगळे आरोपी सुटले. त्याची आशा धरू नका. ते पुराव्याअभावी सुटले. सोसलेला त्रास शिक्षेत किती धरायचा हा प्रश्न तिथे आलाच नाही.

वकील बदलू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. साक्षीपुरावा संपत आला असताना नवीन माणसाला सगळं वाचायला वेळ लागतो, म्हणून लगेच बदलू नका. त्यांच्याकडे जा आणि तीन गोष्टी विचारा : अटकेच्या वेळचा वैद्यकीय कागद पाहिला का, आतापर्यंत कुठल्या साक्षीदाराला मारहाणीबद्दल विचारलं, आणि ३१३ च्या वेळी लेखी निवेदन देणार का. तीनही उत्तरं ‘नाही’ आली आणि पुढेही करायची तयारी दिसली नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, शिवाय ती कैदेत आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी ती पात्र आहे. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक. अर्जात खटल्याचा क्रमांक, पुढची तारीख आणि ३१३ अजून व्हायचा आहे, हे पहिल्याच ओळीत लिहा.